घोगरीची निवडक गाणी

रेकॉर्ड कंपनीचा माणूस आमच्याकडे आला तेव्हा आईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि बाबा खिडकीची कडी दुरुस्त करत होते. घरात कुणी मोठं माणूस आलं की बाबांना हमखास एखादी कडी, एखादा नळ आठवतो. मग तोंड भिंतीकडे, पाठ पाहुण्यांकडे. मला त्या पाठीचा फार राग यायचा.

पाहुणा चाळिशीचा असेल. केस वाढवून मागे बांधलेले, म्हणून तो दारातून सोफ्यापर्यंत पोचेतो आईनं त्याचं नाव 'शेपटी' ठेवून मला डोळ्यांनीच कळवलंही होतं. माणूस मात्र गुणी निघाला. आईचं कुठलं गाणं कुठल्या स्टुडिओत झालं, कुठल्या गाण्यात ढोलवाल्याला खोकला आला आणि तो तसाच राहून गेला, सगळं त्याला तोंडपाठ. आईची निवडक गाणी एकत्र करून तो एक जाडजूड रेकॉर्ड काढणार होता. जुन्या टेपा धुऊन-पुसून, सोबत फोटोंची पुस्तिका, वर सोनेरी अक्षरात नाव.

नाव काय असणार? घोगरी. लोक आईला त्याच नावानं ओळखतात. आवाज घोगरा म्हणून घोगरी. सोल गाणाऱ्या बाईला ही शिवी नाही, पदवी आहे. सोल म्हणजे काय असतं, असं माझ्या दुकानात येणाऱ्या बायका विचारतात. मी केस कापते, व्याख्यानं देत नाही, पण एवढं सांगते की हे पोटातून ओरडून गायचं गाणं आहे. त्यात सूर जरा इकडचा तिकडे झाला तर लोक सोडून देतात, पण दुःख खोटं वाटलं की उठून जातात. आईच्या गाण्यातून कुणी कधी उठून गेलं नाही.

शेपटीनं गाण्यांचा क्रम वाचून दाखवला. आई मधूनच नाक मुरडायची, मधूनच "हे नको, यात मी बेडकासारखी वाटते" म्हणायची. तो हसून टिपून घ्यायचा.

"आणि शेवटी अर्थातच 'बूट हातात'," तो म्हणाला. "त्याच्याशिवाय ही रेकॉर्ड काढणं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, बाई."

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. "त्यातलं मधलं बोलणं गाळता येईल का?"

आम्ही तिघांनीही त्या पाठीकडे पाहिलं. आईच्या गाण्यांबद्दल बाबांनी काही म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. शेपटीला वाटलं गंमत चाललीय. "काका, अहो, ते बोलणं म्हणजेच तर गाणं आहे!"

"गाणं असू दे की. फक्त बोलणं काढा. कात्री लावता येते ना तुम्हाला?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आता लाज वाटायला लागली होय, बाबा?" मी म्हणाले. "एवढ्या वर्षांनी?"

परक्या माणसासमोर म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या बशीकडे पाहिलं. बाबांच्या हातून स्क्रू खाली पडला. तो त्यांनी गुडघ्यांवर बसून शोधला, खिशात टाकला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. तिथला नळ अजिबात गळत नव्हता.

शेपटी बिचारा अवघडला. विषय बदलायचा म्हणून त्यानं मला विचारलं, की पुस्तिकेत प्रत्येक गाण्याची हकीकत छापायची आहे, तर या गाण्याची हकीकत तुम्ही लिहाल का, मुलीच्या नजरेतून? मला कुणी कधी काही लिहायला सांगितलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले. मनात म्हटलं, लिहिते आता, चांगलंच लिहिते.

ज्यांनी 'बूट हातात' ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोल गाणाऱ्यांची एक रीत आहे. गाणं रंगात आलं की वाजवणारे हात हलके करतात, ऑर्गन नुसता घुमत राहतो, आणि गाणारी बाई गायचं थांबवून लोकांशी बोलायला लागते, शेजारणीशी बोलावं तसं. तेच मधलं बोलणं. ते आधी लिहिलेलं नसतं. त्या घडीला जे ओठावर येईल ते. या गाण्यात आई म्हणते:

"मंडळी, एक सांगू का? माझा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्यांना सोडवतो. रात्रपाळीला जातो आणि पहाटे घरी येतो. आता मला सांगा, रात्रभर राबलेला माणूस जिना कसा चढतो? धपधप चढतो, होय ना? मग माझा माणूस बूट हातात घेऊन का चढतो? मी डोळे मिटून पडलेली असते. तो येऊन शेजारी आडवा होतो. आणि मला वास येतो. ग्रीसचा नाही, मंडळी. ग्रीसचा वास मी ओळखते."

इथे मागच्या कोरसमधल्या बायका "नाही गं बाई, नाही" असं म्हणतात, आणि मग आई जो काही सूर लावते त्यानं दगडालाही पाझर फुटावा.

बाबा खरोखरच लिफ्ट दुरुस्त करायचे. खरोखरच रात्रपाळी करायचे. आमची गल्ली, माझी शाळा, बाबांचं काम, सगळीकडे ते गाणं पोचलं. एखाद्या इमारतीत लिफ्ट बंद पडायची, आत माणसं घामाघूम होऊन बसलेली असायची, बाबा दार फाकवून त्यांना बाहेर ओढायचे, आणि बाहेर पडणारा आभार मानायचं सोडून त्यांच्या पायांकडे बघायचा. "काय साहेब, आज बूट पायात?" हे मी स्वतः ऐकलेलं आहे. बाबा हसायचे. ते हसायचे म्हणून मला वाटायचं, कोडगे आहेत.

आणि आई? आईला लोकांनी डोक्यावर घेतलं. गळ्यासाठी घेतलंच, पण त्याहून जास्त मनासाठी. एवढं होऊनही तिनं नवऱ्याला घराबाहेर काढलं नाही, माफ केलं, संसार केला. बायका तिला रस्त्यात थांबवून हात धरायच्या. माझ्या दुकानात आजही डोक्याला रंग लावून बसलेली बाई आरशातून मला म्हणते, "तुझी आई म्हणजे देवमाणूस." मी म्हणते, "हो." तिचा पुढचा प्रश्न मला माहीत असतो. "आणि ते... अजून आहेत?" मी त्यालाही हो म्हणते, जरा हळू.

बाबांशी मी कधी भांडले नाही. भांडायला जवळीक लागते. त्यांना वेळेवर चहा दिला, दुखलंखुपलं तर डॉक्टरकडे नेलं, महिन्यातून एकदा दुकानात बसवून केस कापले. मी मानेवरून मशीन फिरवत असताना ते काहीतरी विचारायचे, धंदा कसा चाललाय, उभं राहून दुखणारा माझा गुडघा कसा आहे, आणि मी म्हणायची, "मान खाली."

हकीकत लिहायला मला आठवडा लागला. दुकान बंद असतं त्या दुपारी मी ती घेऊन आईसमोर बसले. बाबा नेहमीप्रमाणे हत्याराची पेटी शोधायला लागले तसं मी म्हटलं, "नाही. आज इथे बसायचं. ऐकायचं." ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तसे.

मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. आईनं हे गाणं गायलं नाही, सोसलं, असं सुरुवातीलाच होतं. लहानपणी मी पहाटे जागी व्हायची आणि आईच्या चेहऱ्याकडे बघायची, असं होतं. तसं मी काही बघितलेलं नव्हतं, पण लिहिताना मला ते आठवल्यासारखं झालं होतं. आणि शेवटी होतं की माफ करणं हीच तिची सगळ्यांत मोठी गायकी.

मग बाबा म्हणाले, "छान लिहिलंयस." आणि खूप अदबीनं, जणू माझ्या दुकानात पैसे परत मागताहेत अशा आवाजात, "पण मी काही केलं नव्हतं गं."

"बाबा, आता पुरे."

"खरं बोलतायत ते," आई म्हणाली.

ती चहा ढवळत होती. आई बिनसाखरेचा चहा पिते. ती ढवळतच राहिली.

"काय खरं?"

"तसं काही झालं नव्हतं. कुणी बाई नव्हती. मी रचलं ते." तिनं चमचा खाली ठेवला. "गाणं रटाळ होत होतं. चारदा गायले, चारही वेळा पाणी घातल्यासारखं मिळमिळीत. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मध्ये काहीतरी बोला, तुमच्या घरातलं, खरं वाटेल असं काहीतरी. मी डोळे मिटले. डोळ्यांसमोर काय येणार? हे आले. जिना चढताना."

"बूट हातात घेऊन?"

"ते खरंच घ्यायचे हातात." आईनं बाबांकडे पाहिलं नाही. "तू तान्ही होतीस. जरा खुट्ट झालं की जागी व्हायचीस आणि मग सकाळपर्यंत रडायचीस. म्हणून खालीच बूट काढायचे आणि मोज्यांवर वर यायचे. थंडीतसुद्धा."

मी कागदाकडे बघत होते. माझंच अक्षर होतं.

"आणि वास?"

"ग्रीसचा," बाबा म्हणाले. "दुसरा कशाचा येणार? मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचो."

मला आधी राग आला. लाज नंतर आली, पण आली ती मुक्कामालाच. मी आईवर ओरडले. सगळ्या जगाला तू हे सांगत राहिलीस, घरात, माझ्यासमोर तरी खरं सांगायचं होतंस! आईनं ऐकून घेतलं. तिला आवाज चढवलेला चालत नाही, पण त्या दिवशी तिनं ऐकून घेतलं.

"आधी वाटलं, गाणं आहे, गाण्यात काय नसतं," ती म्हणाली. "मग बायका यायला लागल्या. माझे हात धरून रडायच्या. आपल्या घरचं सांगायच्या, कधी कुणाला न सांगितलेलं. त्यांना काय सांगू? तुमचं खरं, माझं रचलेलं? तोंडच उघडेना माझं. आणि हे कधी काही बोलले नाहीत. मला वाटलं, ह्यांना चालतंय."

"चालत होतं," बाबा म्हणाले. "मी होतो की तिथेच, काचेच्या मागे. तिला न्यायला गेलो होतो. गाणं संपल्यावर ती बाहेर आली, चेहरा पांढराफटक. म्हणाली, अहो, काढून टाकायला सांगू का? पण तिथली माणसं रडत होती गं. तो दाढीवाला रेकॉर्डिस्ट, आडदांड माणूस, शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता. मी म्हटलं, आता एवढं चांगलं झालंय तर..." ते हसले. "आणि खरं सांगू? ही इतकं चांगलं म्हणायची की दोनतीनदा मीच बसून आठवून पाहिलं. म्हटलं, केलं होतं की काय आपण?"

आई हसली नाही. मीही नाही.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. "आधी तू लहान होतीस. मग शाळेत जायला लागलीस, तिथे तुला पोरं चिडवायची, त्यात आणखी मी काय बोलू? मग मोठी झालीस आणि रागावलेली होतीस. मध्ये वेळ असा सापडलाच नाही." आणि जणू हे फार झालं, असं वाटून ते उठले. "तू म्हणतेस ना की लाज वाटते का. वाटते गं. केलेल्याची नाही. लोक हिला म्हणतात ना, काय मोठं मन तुमचं, आणि ही मान खाली घालते, त्याची वाटते. मेल्यावर त्या सोनेरी पुस्तकात तेच राहणार. तेवढं नको होतं. बाकी काही नाही."

मी हकीकत फाडली. दुसरी लिहायला बसले तर एक ओळ पुढे सरकेना. चार दिवसांनी बाबा केस कापायला आले. मी त्यांच्या खांद्यावर कापड टाकलं, मान ओली केली. काय काय बोलायचं मनात घोकून ठेवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "पाणी गार नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "छान आहे."

त्या मानेवर एक डाग आहे, चिंचोक्याएवढा. इतकी वर्षं मी त्याच्या कडेनं मशीन फिरवत आलेय आणि तो काय आहे, कधीपासून आहे, हे मी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटत होती, आणि ती लाज ते माझ्याशी इतकं मऊ वागत होते म्हणून आणखी वाढत होती.

तोडगा आईनं काढला. तिनं शेपटीला फोन करून सांगितलं की शेवटचं गाणं ती नव्यानं गाणार. जुनं गाळायचं नसेल तर गाळू नका, पण त्याच्या पाठोपाठ हे नवं घ्या. त्यात मधलं बोलणं वेगळं असेल. शेपटीला आकाश ठेंगणं झालं. घोगरी पुन्हा माइकपुढे! त्यानं का, कशाला काही विचारलं नाही.

"कशाला आता उकरायचं?" बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही गप्प बसलात ते खूप झालं," आई म्हणाली. "ज्या तोंडानं केलं त्याच तोंडानं निस्तरते."

मला वाटतं, हकीकतीच्या त्या दिवसानंतर बाबा पहिल्यांदाच नीट जेवले. स्टुडिओत जायच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या बुटांना पॉलिश केलं, आईच्याही चपला पुसून ठेवल्या.

स्टुडिओ म्हणजे एका गोदामाच्या मागच्या दोन खोल्या. एकीत माइक, ऑर्गन आणि ढोल, दुसरीत यंत्रं, मध्ये काच. भिंतींना राखाडी स्पंज. आम्ही यंत्रांच्या खोलीत बसलो. पुढे रेकॉर्डिस्ट, ही एक तरुण, कमी बोलणारी मुलगी होती. तिच्या मागे शेपटी, मी आणि बाबा. आई काचेपलीकडे उंच स्टुलावर बसली. तिनं चष्मा काढून ठेवला, कान चोळले आणि मान हलवली.

गाणं सुरू झालं. आवाज खाली उतरलाय तिचा, पूर्वीसारखा वर जात नाही, पण ती तो वर नेण्याचा आव आणत नाही, आणि ते फार चांगलं वाटतं. शेपटी डोळे मिटून डोलायला लागला. मग ढोल हलका झाला, ऑर्गन घुमत राहिला, आणि आई बोलायला लागली.

"मंडळी, एक सांगायचं राहून गेलं होतं. माझ्या माणसानं काही केलं नव्हतं. तो बूट हातात घ्यायचा, कारण आमची मुलगी झोपलेली असायची. वास ग्रीसचाच होता. बाकीचं मी गाण्यासाठी रचलं. तो भला माणूस आहे."

आणि ती पुन्हा गायला लागली.

ते वाईट झालं. मला संगीतातलं फार कळत नाही, पण ते वाईट झालं हे कुणालाही कळलं असतं. शाळेत बाईंनी उभं करून पाठ म्हणायला लावलेल्या मुलीसारखं. रेकॉर्डिस्ट मुलीनं बटण दाबून सांगितलं, "पुन्हा घेऊ या का? मधलं जरा मोकळं होऊ दे."

दुसऱ्यांदा आई हळू बोलली. मोकळं झालं नाही, उलट दबल्यासारखं झालं. जणू शेजारच्या खोलीत कुणी ऐकत बसलंय. तिसऱ्यांदा तिनं हसत हसत बोलून पाहिलं, आणि ते हसू ऐकवेना. अंगावर वळ असलेली बाई 'दाराला आपटले' म्हणते, तेव्हा असंच हसते. माझ्या दुकानात मी ते हसू पुष्कळदा ऐकलंय. शब्दन्‌शब्द खरा होता आणि एकही खरा वाटत नव्हता. जुन्या बोलण्यात दोनच गोष्टी खऱ्या होत्या, बूट आणि जिना, आणि तरी त्या सगळ्यावर जगानं शपथ घेतली असती.

चौथ्यांदा तिचा आवाज कापला. "तो भला माणूस आहे" म्हणताना तिचं रडू वर आलं, आणि तिनं ते दाबलं नाही.

शेपटीचे डोळे भरले. तो माझ्याकडे झुकला. बाबा माझ्या पलीकडेच बसलेत हे तो विसरला असावा, किंवा म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं असं त्याला वाटलं असेल. "बघितलंत?" तो कुजबुजला. "अजून पाठीशी घालतेय नवऱ्याला. या वयात. हे जुन्यापेक्षा मोठं आहे. हाच टेक घेऊ या."

"ती खरं बोलतेय," मी म्हणाले.

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "हो ना. मुलीला तसं वाटणारच."

मी आणखी बोलायला हवं होतं. उभं राहून, मोठ्यानं, बूट माझ्यासाठी हातात घेतले होते, असं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की मीही आईसारखीच वाटणार आहे. चांगल्या घरातली, सगळं झाकून घेणारी मुलगी.

तेव्हा बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

त्यांना शेपटीचं काही पडलं नव्हतं. पुस्तिकेचंही नव्हतं, मला वाटतं. ते फक्त माझ्याकडे बघत होते, तुला तरी पटलं ना, एवढंच विचारत. आणि काचेपलीकडे आई रडत होती, आणि ते रडणं इतकं खरं होतं, की माझ्या पोटात एक जुनं काहीतरी जागं झालं आणि म्हणालं, कशावरून नसेल? कशावरून ती आताच खोटं बोलत नसेल, त्यांचं म्हातारपण सांभाळायला? एका क्षणापुरतंच म्हणालं. पण त्या क्षणी मी नजर वळवली आणि यंत्रावरच्या दिव्यांकडे बघायला लागले.

मग मी मान हलवली. जोरात हलवली, हो, हो, अशी. पण तोवर उशीर झाला होता, आणि तो उशीर त्यांनी पाहिला होता. लाजेनं माझे कान तापले. मला वाटलं, आता ते पाठ फिरवतील आणि कुठलीतरी कडी शोधतील. त्यांनी पाठ फिरवली नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, दुखरा गुडघा बरोबर ओळखून, हलकंच.

आतून आईनं नाक पुसलं आणि माइकमध्ये विचारलं, "आता झालं का नीट?"

रेकॉर्डिस्ट शेपटीकडे बघत होती, शेपटी रुमाल शोधत होता आणि मी खाली बघत होते.

"तिला आधी पाणी द्या कुणीतरी," बाबा म्हणाले. "घसा सुकलाय तिचा."